जरा लवकरच सुरू झाला

कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी काका खिशातून रुमाल काढून दहाही बोटं पुसायचे. मग ते वर्तमानपत्र असो, नाहीतर आमच्याकडून आलेली नारळाची वडी. "घामाचा डाग राहतो," म्हणायचे. माझगावच्या गोदीत त्यांची सगळी नोकरी जहाजांचे नकाशे काढण्यात गेली होती, आणि नकाशावर डाग दिसला की साहेब तो परत पाठवायचे. निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नाही.

भोईवाड्यातल्या आमच्या इमारतीत ते समोरच्या दारी राहायचे. काकू गेल्यापासून एकटेच. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, म्हणून ते मला मास्तरीणबाई म्हणायचे आणि मजल्यावरचे बाकी सगळे मला इंजिनिअर समजायचे. असा गैरसमज तुमच्याही इमारतीत कुणाबद्दल तरी असेलच.

काकांकडचा कॉम्प्युटर त्यांच्या मुलाने सुटे भाग आणून घरीच जोडला होता. पुढे तो नोकरीसाठी हैदराबादला गेला आणि तिथेच त्याचं लग्न ठरलं. तारीख ठरल्यावर त्याने घरी कळवलं. मुलगी काकांना नापसंत होती असं अजिबात नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की तारीख काढण्याआधी मला विचारायला हवं होतं. तेवढ्यावरून ते लग्नाला गेले नाहीत. काकू एकट्या जाऊन आल्या. नंतर काकू वारल्या, आणि बापलेकांचं बोलणं दिवाळी आणि वाढदिवसापुरतं उरलं. "बरा आहेस ना?" "बरा आहे. तुम्ही?" "मीपण." संपला फोन.

काका त्या कॉम्प्युटरवर मालवणकडच्या जुन्या होड्या काढायचे. साधं चित्र नव्हे. फळी न् फळी दाखवणारी, सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येईल अशी अख्खी होडी. पण होडी फिरवायला गेलं की कॉम्प्युटर अडून बसायचा. म्हणून त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून नवा प्रोसेसर आणला आणि स्वतःच बसवला.

"मास्तरीणबाई, जरा येतेस का गं?"

पंखा फिरत होता, दिवा लागत होता, स्क्रीन मात्र काळाच. मी रॅम काढून परत लावली, केबल बदलली, बोर्डावरचा बारका सेलही काढून बसवला. काही उपयोग झाला नाही. शाळेत मी मुलांना तक्ते करायला शिकवते. माझी मजल तेवढीच.

"काका, त्याला फोन लावा. त्यानेच जोडलाय ना?"

"त्याला कशाला त्रास? कामात असतो तो."

आठवडाभर ते रोज सकाळी बटण दाबायचे, काळ्या स्क्रीनकडे बघत बसायचे आणि बंद करायचे. मग एका रविवारी फोन हातात घेऊन आमच्या दारात आले. "तू लावून दे. मी बोलतो."

पलीकडून घाबरा आवाज आला. "बाबा? काय झालं? बरे आहात ना?"

"मी बरा आहे. तुझा कॉम्प्युटर बिघडलाय."

तुझा म्हणाले. आजवर तो 'आमचा डबा' होता.

मुलाने नीट विचारून घेतलं आणि म्हणाला, "बोर्ड जुना आहे, बाबा. हा प्रोसेसर त्याच्या नंतरचा, त्यामुळे तो याला ओळखतच नाही. जुना परत बसवून मशीन सुरू करा, बोर्ड अपडेट करू, मग नवा लावा."

काका हळूच म्हणाले, "जुना काढताना पंख्याला चिकटून उपटून आला रे. पिना वाकल्यात."

ओरडा बसणार अशी तयारी करून ते उभे होते. पलीकडे मुलगा हसायला लागला. "माझ्याही हातून वाकल्या होत्या, बाबा. त्याच प्रोसेसरच्या. तुम्हाला सांगितलं नव्हतं."

वाकलेली पिन सरळ करायला नकाशे काढायची, शिसं पुढे सरकवायची पेन्सिल चालते, हे मला तेव्हा कळलं. आतलं शिसं काढायचं, टोकाच्या नळीत पिन घ्यायची आणि अलगद उभी करायची. काकांचा हात आता थरथरायचा. एका बैठकीत दोनतीन पिना जमायच्या, मग "उद्या बघू." मुलगा रोज ऑफिसातून आल्यावर व्हिडिओ लावायचा, मी फोन वर धरून उभी.

"उजवीकडे, बाबा. अजून थोडं. बस्स, बस्स."

पिनांच्या मधे मधे गप्पा व्हायला लागल्या. काकूंच्या हातची अळूवडी निघाली. सून मागून डोकावून "जेवलात का बाबा?" विचारायची, मराठी अजून कच्चं होतं तिचं, पण हा प्रश्न पक्का. काका लाजून "हो हो" म्हणायचे. एका संध्याकाळी ते पिनेवरची नजर न काढता म्हणाले, "लग्नाला यायला हवं होतं मी."

मग मुलगा म्हणाला, "पुढची पिन घ्या, बाबा."

अखेर स्क्रीन उजळला. बोर्ड अपडेट झाला, नवा प्रोसेसर बसला, होडी गरकन फिरली. आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या.

आणि फोन थांबले. भांडण नव्हतं काही. मुलाला वाटलं, काम झालं. काकांना वाटलं, आता कशाला अडवायचं.

"फोन आला का हो?" मी विचारायची.

"कशाला करेल? चालतोय की आता." एकदा पुढे म्हणाले, "जरा लवकरच सुरू झाला गं."

एका दुपारी मी गेले तर कॅबिनेट उघडं, आणि काकांच्या हातात काढलेली रॅम.

"काय झालं काका?"

"काही नाही. म्हटलं, परत बिघडलाय असं सांगावं." रॅमकडे बघत राहिले. "पण तो बिचारा जीव तोडून विचार करणार, आणि मी खोटा." त्यांनी ती जागेवर दाबून बसवली.

"तसाच फोन करा की."

"करीन. पण बोलू काय?"

मी कॅबिनेटचं झाकण लावून दिलं.

त्या वर्षी थंडी सुरू होता होता काका गेले. दुपारी पडले, ते उठलेच नाहीत. मुलगा आणि सून आले. दिवस झाल्यावर मुलगा कॉम्प्युटरसमोर बसला होता, तेव्हा मी त्याला काकांनी रॅम काढली त्या दुपारचं सांगितलं.

तो ऐकून घेत राहिला. म्हणाला, "ताई, त्यांचा फोन नाही म्हणजे मशीन नीट चालतंय, असं धरून होतो मी. रोज ऑफिसातून आलो की हात फोनकडे जायचा. म्हणायचो, आता काय कारण सांगून लावू?"

सून दाराशी उभी होती.

त्याने बटण दाबलं. कॉम्प्युटर लगेच सुरू झाला.