अत्तर खुलेपर्यंत

गुलमंडीतले अत्तरवाले चाचा मनगटावर अत्तर लावतात, पण लगेच हुंगू देत नाहीत. "सबर करा, खुलू द्या," म्हणतात.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वर्गात अत्तराच्या इतिहासावर बोलायचं होतं, पण लोकांपुढं माझा आवाजच जायचा. चाचांना माहिती विचारायला गेले, तर त्यांनी मलाच बोलायला लावलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. चाचांनी त्याच्या मनगटावर वाळ्याचं अत्तर लावलं. "खुलायला टाइम लागतो भाऊ. तवर पोरीचं ऐका."

त्यानं हात नाकाशी नेला तेव्हा मी निम्म्यातच होते. चाचांनी त्याचं दुसरं मनगट धरलं आणि हिनाचं अत्तर लावलं. त्या दिवशी मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत बोलले.