'लय' हा आकडा नाय

"किती?"

शहापूरच्या बाजारपेठेत भल्याभल्यांची बोलती बंद करणारा हा एवढासा शब्द, आणि तो वापरायचा आमचा वायरमन. समोरचा तक्रार सांगत असतानाच तो खांद्यावरच्या पिशवीतून मीटर काढायचा, शर्टाच्या टोकानं त्याची काच पुसायचा आणि विचारायचा.

"अरे, मोटार तापते माझी."

"किती?"

"लय!"

"लय हा आकडा नाय."

झालं. गिऱ्हाईक जागच्या जागी गार व्हायचं. मोटार तेवढी तापलेली.

तुमच्याही गावात असा एखादा नग असेलच. बाकीचे वायरमन टेस्टर लावून "लाइट हाय" म्हणाले की चहाला मोकळे. हा आधी व्होल्ट मोजणार, मग अँपिअर मोजणार, मग हाताशी असेल त्या भिंतीवर खडूनं भागाकार मांडणार. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध. मग गुणाकार, ती पॉवर. एकदा गणपती मंडळाचे अध्यक्ष त्याला म्हणाले, "यंदा रोषणाई जोरदार पायजे." यानं विचारलं, "जोरदार म्हंजी किती वॅट?" अध्यक्षांनी त्याच दिवशी दुसरा वायरमन शोधला.

मी हायस्कूलात विज्ञान शिकवायचो. त्यामुळे या विषयातलं मला अर्थातच सगळं कळत होतं. ओहमचा नियम मी डोळे मिटून फळ्यावर लिहीत असे. डोळे मिटूनच लिहीत असे, हे पुढे लक्षात आलं.

नव्वदनंतरच्या त्या काळात आमच्या तालुक्यात जो तो कोंबड्या पाळायला निघाला होता. माझ्या बायकोनंही खर्डीच्या घरामागे शेड घातली. एक कंपनी पिल्लं आणून द्यायची आणि वाढली की घेऊन जायची. पहिली खेप ऐन थंडीत आली. पिल्लांना ऊब हवी म्हणून मी पुस्तकात बघून दोनशे वॅटचे चार बल्ब टांगले आणि निर्धास्त झालो. चौथ्या दिवशी सकाळी शेडच्या कोपऱ्यात पिल्लांचा ढीग पडला होता. गारठ्यानं एकमेकांच्या अंगावर चढून चढून मेलेली. बायको रडत रडत ती टोपलीत भरत होती. मी तिला समजावलं की रोग आला असणार, कारण बल्बावर तर दोनशे वॅट छापलेलं आहे.

कंपनीचा माणूस म्हणाला, आणखी एक खेप देतो. तीही गेली तर शेडला कुलूप लावा. त्या शेडवर बायकोचा जीव होता. तिनं मला न विचारता शहापूरहून वायरमनला बोलावणं धाडलं.

तो आला तेव्हा संध्याकाळ होती. शेजारची भाताची गिरणी आणि सगळ्यांचे पंप एकदम चालू, त्यामुळे लाइट डीम. दोनशे तीसच्या जागी व्होल्ट भरले दीडशे. मी लगेच कागदावर गणित केलं. बल्बावर छापलेल्या आकड्यांवरून रोध दोनशे चौसष्ट, म्हणजे दीडशे व्होल्टला एका बल्बाची पॉवर पंच्याऐंशी वॅट.

"आठशे वॅट हवेत. दहा बल्ब लावा," मी फर्मान सोडलं.

त्यानं कागद नीट वाचला, घडी केली आणि मला परत दिला.

"सर, अँपिअर कवा मोजलेत?"

"मोजायचे कशाला? गणितात निघतात."

"निघतात?" म्हणत त्यानं मीटर जोडलं. "चौघांचे मिळून दोन पॉइंट बहात्तर. एकाचे पॉइंट अडुसष्ट. दीडशेनं गुणा, एकशे दोन वॅट. आन् रोध दोनशे वीस, दोनशे चौसष्ट नाय."

"तुमचं मीटर बिघडलंय."

"सर, बल्ब मंद जळतोय ना? तार कमी तापली, म्हनून रोधपन कमी. बल्बाला तुमचा कागद वाचता येत नाय."

तापमान वाढलं की तारेचा रोध वाढतो, हे वाक्य मी दरवर्षी वर्गाकडून 'महत्त्वाचे' म्हणून अधोरेखित करून घेत असे. पोरांना त्यावर मार्क मिळायचे. मला त्या शेडमध्ये भोपळा मिळाला.

त्यानं आठ बल्ब लावले, चार एका बटणावर आणि चार दुसऱ्यावर. "गिरणी बंद झाली की व्होल्ट चढतात. आठही ठेवले तर पिल्लं भाजतील." मग स्वतःचं व्होल्टमीटर पिशवीतून काढून भिंतीवर खिळ्याला टांगलं. "वैनी, काटा दोनशेवर गेला की ह्ये बटण बंद करा. तुमीच करा. सर नकोत, त्ये गणित करत बसतील."

बायकोनं काचेवर दोनशेपाशी कुंकवाची रेघ ओढली. सातवी शिकलेल्या त्या बाईनं ती खेप जगवली. मी तेव्हा शाळेत ओहमचा नियम शिकवत होतो.

"पिल्लं मोठी झाली की मीटर नेतो," असं तो म्हणाला होता. पण एक खेप मोठी झाली की दुसरी यायची, आणि मीटर वर्षानुवर्षं आमच्याच भिंतीवर राहिलं. येता-जाता डोकावून तो कुंकवाची रेघ तपासायचा. मला त्याचा राग यायचा. त्याच्याबद्दल वाटला तेवढा आदरही मला दुसऱ्या कुणाबद्दल वाटला नाही, पण ते त्याला सांगायचं राहून गेलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका पावसाळ्यात तो तापानं पडला. मी भेटायला गेलो तर त्याची बायको दारातच म्हणाली, "सर, ताप लय हाय वो." आतून क्षीण आवाज आला, "किती?" आम्ही दोघंही हसलो. चार दिवसांनी तो गेला.

तेराव्यानंतर मी मीटर वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्याकडे नेलं. तिनं ते उघडलं, पदरानं काच पुसली आणि रेघेला धक्का न लावता परत माझ्या हातात दिलं.

"वैनींकडंच ऱ्हाऊ द्या. पिल्लं हायेत ना अजून?"

"आहेत."

"सर, तुमाला येते का त्यांची आठवन?"

"लय," मी म्हणालो आणि सवयीनं थांबलो.

घरात कुणी "किती?" म्हणालं नाही.