पेशी, फेस आणि मी

ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंट झोपलेला असतो, डॉक्टर कामात असतात. मग हसायला कोणीतरी लागतंच! आमच्याकडे ते खातं माझ्याकडे आहे. त्यामुळे किस्से साचत जातात आणि सगळे माझ्याच नावावर.

मी पवन. नववीत शाळा सोडली. यवतमाळच्या एका दवाखान्यात हार्टच्या थिएटरमध्ये मदतनीस आहे. हृदय थांबवून ऑपरेशन चालतं, तोवर हार्ट-लंग मशीन रक्त फिरवतं. ते कुमरे सर चालवतात. मशीनला ऑक्सिजनेटर नावाचा प्लास्टिकचा डबा असतो. तेवढ्या वेळापुरतं तेच पेशंटचं फुप्फुस.

मागच्या वर्षी आईच्या हृदयाची झडप खराब निघाली. ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता आणि ती ऐकत नव्हती. मी समजावणार, त्याआधी माझे किस्सेच गावी, महागावला, तिच्यापर्यंत पोचले. पोचवणारा गजू, यवतमाळलगतच्या लोहाऱ्यातला माझा रूम पार्टनर!

*

पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले, "पवन, रक्तातल्या लाल पेशी लई नाजूक असतात. घासल्या, आपटल्या, का फुटल्याच."

मी मनावर घेतलं. दिवसभर चवड्यांवर चाललो. दार लावताना श्वास धरला. नर्सशी कुजबुजत बोललो.

शेवटी सर्जन म्हणाले, "याच्या घरी कोणी गेलं का?"

"नाही," कुमरे सर म्हणाले, "तो पेशी जपून राह्यला!"

*

दुसऱ्याच दिवशी पाहतो तर, सर स्वतः त्या डब्याला थापडा मारत होते! आतले बुडबुडे काढायला. मला राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोललो, "सर, हळू! पेशी!"

सगळे वळले. सर शांतपणे म्हणाले, "अबे, यात अजून सलाईन हाय. पेशंट बाहेर चहा मागून राह्यला."

*

एकदा लोहाऱ्याच्या चहाटपरीवर गजूने विचारलं, "रक्तात ऑक्सिजन घालते तरी कसा बे?"

मी दुधाचा ग्लास आणि स्ट्रॉ मागवली. म्हटलं, "जुन्या डब्यात रक्तात सरळ ऑक्सिजनचे बुडबुडे सोडायचे. असे." आणि फुंकलं. जरा जोरातच! फेस ग्लासाबाहेर आला आणि शेजारच्या काकांच्या पांढऱ्या पँटवर गेला.

"अशा फेसात पेशी फुटतात," मी पुटपुटलो.

काका उठले. "अन् नवीन डब्यात?"

"नवीनमध्ये पोकळ धागे असतात, केसासारखे. ऑक्सिजन धाग्याच्या आत, रक्त बाहेर. फेस होत नाही."

"मंग नवीनच दाखवाचं होतं न बे!"

*

पेशी जास्त फुटल्या की लघवी लाल होते. म्हणून ऑपरेशननंतर आयसीयूत पिशवीवर नजर ठेवायला सरांनी सांगितलं होतं. मी डोळ्याची पापणी न लववता पाहत होतो.

"सर! लाल!"

सर धावत आले, मागून दोन नर्स. पिशवी उचलली. पिवळी! पिशवीच्या अगदी मागे पेशंटची बायको लाल लुगडं नेसून उभी होती.

"म्या काय केलं जी?" ती घाबरून म्हणाली.

"काही नाही मावशी," सर म्हणाले. "जरा तिकडे सरका, पेशंट बरा होते."

*

आईला एवढं सगळं कळलेलं. तरी एक दिवस तिला कसंबसं यवतमाळला आणलं. कुमरे सरांनी दाखवायला ठेवलेला, अर्धा कापलेला डबा तिच्या हातात दिला. ती धाग्यांवरून बोट फिरवत राहिली.

"यात पेशी फुटत नाही?"

"थोड्या फुटतातच, मावशी. खोटं कायले सांगू? पण रक्त अन् ऑक्सिजन वेगळे राह्यतात, म्हणून जुन्यापेक्षा कमी. अन् आमचं लक्ष असते."

मी मध्ये बोलणार, तर तिने हाताने थांबवलं.

"अन् हा? हा काय करते इथी?"

"पवन? मशीन पुसते. सामान आणून देते."

"चालू मशीनले हात लावते?"

"नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग सरांकडे.

"माह्या ऑपरेशनच्या दिवशी?"

"त्या दिवशी त्याले सुट्टी."

आईने डबा टेबलावर अलगद ठेवला आणि पदराने हात पुसले.

"मंग हे आधीच सांगाचं न जी, सर! आना कागद. सही कुठी करू?"