त्यानं न सांगितलेला पत्ता

ऊर्जानगरला मला नेहमी सोडणारा अ‍ॅपवरचा तो रिक्षावाला, बाई बसली की आधी आरसा वर फिरवतो. परवा त्याचं रेटिंग घसरलेलं दिसलं. अजून घसरलं तर कंपनी त्याला अ‍ॅपवरून काढेल.

"काय झालं, भाऊ?"

"एका पॅसिंजरनं इचारलं, काल नर्सिंग कॉलेजातून बसली त्या पोरीले कुठी सोडलं? म्या म्हटलं, ध्यानात नाई. देला एकच तारा."

आणि कंपनीनं समज दिली ती यालाच! मी भडकले. रात्री कंपनीविरुद्ध वाटायला पत्रक लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी रिक्षात त्याला वाचून दाखवलं. त्यानं रिक्षा बाजूला घेतली.

"माह्यं नाव टाका, ताई. पण नर्सिंग कॉलेज काऊन लिवलं? लोक तिले हुडकतीन ना!"

मी पेन काढलं. ते शब्द पुरते काळे होईस्तोवर तो थांबला, मगच रिक्षा सुरू केली.