शेवटच्या विमानातला कमळाकर

आमच्या लोधिवलीच्या कमळाकरला लग्नाचं आमंत्रण दिलं, की तो आधी विचारतो, एवढी घाई कशाला. भाजीवालीने मूठभर कोथिंबीर वर टाकली, तर ती उलटसुलट करून बघतो. खोपोलीच्या कारखान्यात आम्ही एकत्र होतो. मी मशीन चालवायचो, तो फिटर, मशीनची देखभाल त्याच्याकडे. कारखाना बंद पडला तशी आमची नोकरी गेली, त्याचा संशय मात्र कामावर राहिला.

त्याची लेक भाग्यश्री एका मोठ्या विमान कंपनीत हवाईसुंदरी. त्या कंपनीने फक्त सहलीला जाणाऱ्यांसाठी ‘सैर’ नावाची धाकटी कंपनी काढली आणि भाग्यश्रीला बढती देऊन तिकडे घेतलं. गोवा, जयपूर, अंदमान. पोपटी शेपटीची विमानं, पोरींना फुलाफुलांचे सदरे, प्रवाशांना भेळ. सुट्टीत जागा मिळेना. आळीभर पेढे वाटले, तेव्हा कमळाकर पेढा हातात धरून म्हणाला, "येगळी कंपनी कशाला काढली? बंद करायची झाली तर हीच आधी करतील." पोरीच्या आनंदावर विरजण घालण्यात याचा हात कोणी धरू शकत नाही.

कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांना वर्षातून एकदा फुकट प्रवास असे. त्याची बायको गंगाबाई दोनदा गोवा बघून आली. भाग्यश्रीची हौस एकच, आपल्या विमानात बापाला बसवायचं. ती दर वर्षी विचारायची आणि हा दर वर्षी म्हणायचा, "फुकाट कोन नेतं गं? काय तरी असंल त्यात." शेवटी तिने विचारणं सोडलं. मला फार वाईट वाटलं.

आणि सैर खरोखर बंद करायचं ठरलं. तोटा होतोय म्हणे. विमानांना थोरल्या कंपनीचा रंग देणार, माणसांचं नंतर बघू, असं सांगितलं. आता कमळाकर गावभर छाती काढून फिरणार, असं मला वाटलं होतं. पण तो गप्प झाला. भाग्यश्री घरी आली, तेव्हा मीही तिथेच होतो.

"बाबा, रविवारी शेवटचं विमान हाय. गोव्याला जाऊन परत. आता तरी चला."

"शेवटच्या दिवशी तर नकोच. उद्या नोकरी नाय म्हटल्यावर नट कोन आवळतंय? तू पन जाऊ नको."

"मी पन तसंच करीन वाटतं तुमाला?" ती म्हणाली आणि रडायला लागली.

मग मी तोंड सोडलं. "तू नको जाऊ. तिचा बाप म्हणून मी जाऊन बसतो." ते त्याला झोंबलं. रविवारी इस्त्रीचा सदरा घालून तो गेला.

परत आला तो घरी न जाता थेट माझ्या ओट्यावर. म्हणाला, गोव्यात खिडकीतून बघत होतो. खाली एक माणूस बॅटरी घेऊन चाकं तपासत होता. तो काम कधी टाळतोय तेच मी बघत बसलो. तर तो पुढे जाऊन परत मागे आला आणि तेच चाक पुन्हा बघितलं. आत भाग्यश्री एकेकाचा पट्टा तपासत होती. डोळे लाल झालेले. माझा पट्टा सैल होता, वाकून तिने घट्ट ओढला.

"मग बिघडलं काय? सुखरूप आलास ना?" मी म्हटलं.

तो ओट्यावर माझ्याकडे वळून बसला.

"आपला कारखाना बंद व्हायचा हाय असं कळलं ना, त्या शेवटच्या आठवड्यात मी एक नट आवळला नाय रं. मशीनकडं बघितलं पन नाय. मला वाटायचं, समदी मानसं अशीच असतात."

त्या आठवड्यात त्या मशीनवर मी उभा होतो. म्हणूनच तो आधी माझ्याकडे आला होता.