माझ्या नवऱ्याच्या फरशीवर जावयाची गाडी

शुक्रवार, ३० मे २००३. पहाटे पाऊस, मग कडक ऊन. दूध नासलं. दिर्चेकडून अंडी आणली. वाटाण्याच्या शेंगा सोलून ठेवल्या. खालच्या खोलीत एर्मेसची गाडी आली. दुपारचं जेवण झालं नाही.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद जवळजवळ एवढीच आहे. गेल्या नोव्हेंबरात एर्मेस वारला तेव्हा पाद्रीबाबा चर्चमध्ये त्याला ‘मनमिळाऊ सद्गृहस्थ’ म्हणाले. मागच्या बाकावर कुणाला तरी ठसका लागला. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं, पण खोटं बोलू नये हे त्याच्याही आधी शिकवलं होतं. म्हणून माझ्या जावयाबद्दल मी जे पाहिलं ते लिहिते.

एर्मेस लाकडाच्या गिरणीत करवतीवर होता. ठेंगणा, जाड मानेचा, भुवयांत कायम लाकडाचा भुसा. अक्रोडाच्या एका झाडावरून तो सख्ख्या भावाशी भांडला, आणि ते झाड वीज पडून जळालं तरी भांडण टिकलं. पोस्टमास्तराशी बोलायचा नाही. गिरणीतल्या मुकादमाशी खुणांनी बोलायचा, त्यातल्या बऱ्याच खुणा चारचौघांत करण्यासारख्या नव्हत्या.

माझ्या नवऱ्याशी त्याचं बिनसलं ते लग्नाआधीच. गेलिंदो फरश्या घालायचा. संगमरवराचा चुरा सिमेंटमध्ये बसवून घोटलेली फरशी ही आमच्या खोऱ्याची विद्या. आमचे पुरुष ती घेऊन पॅरिस-कोपनहेगनपर्यंत गेले. गेलिंदोनं गावच्या सभागृहाची फरशी नुकती ओतली होती, अजून ओली होती, आणि एर्मेस माझ्या मुलीला, रोझाल्बाला, नाचाला न्यायला म्हणून बुटांसकट सरळ त्यावरून चालत आला. पावलांचे ठसे उमटले तेवढा भाग कापून काढून गेलिंदोनं पुन्हा ओतला. त्यानंतर तो एर्मेसशी कधीच बोलला नाही. लग्नातही नाही. आणि स्वतः मरेपर्यंत आमच्या उंबऱ्याच्या आत त्याला घेतला नाही.

मला तो आवडावा असं त्यानंही काही केलं नाही. रोझाल्बाला आम्ही दिलेलं अक्रोडाचं कपाट त्यानं विकलं आणि शर्यतीच्या गाडीसाठी गिअरबॉक्स आणला. शेवटी रोझाल्बा समुद्रकाठी लिन्यानोला हॉटेलात कामाला गेली ती परत आली नाही. माझी नात इलेनिया मात्र बापाजवळच राहिली. तिला आई आणि बाप यांतून निवड करायची होती. तिनं गाडी निवडली.

ती गाडी लाल, बुटकी, दोनच माणसांची. जूनच्या पहिल्या रविवारी आमच्या प्रातलुंगमध्ये नदीच्या पुलापासून वरच्या चॅपेलपर्यंत गाड्यांची चढाईची शर्यत होते. आधी एर्मेस चालवायचा, डोळे अधू झाल्यावर इलेनिया. त्या शुक्रवारच्या आदल्या वर्षी कारंज्याजवळच्या वळणावर तिनं ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे ओढली गेली, कबरस्तानाच्या भिंतीला घासत गेली. मी गच्चीतून पाहत होते. तिच्या गळ्याचं हाड मोडलं. स्प्रिंगा आणि चाकं खोऱ्यातल्या एका गॅरेजनं बसवून दिली होती. एर्मेस तिथं गेला, त्यांच्या दाराची काच फोडून आला, आणि मग एकही गॅरेज ती गाडी आत घेईना.

त्या शुक्रवारी सकाळी तो माझ्या दारात उभा. टोपी काढायचीही तसदी नाही.

“सासूबाई, खालची खोली हवी. आजच्या दिवस.”

“कशाला?”

“गाडीची चाकं सरळ लावायचीत. सपाट जमीन लागते.”

“गॅरेजात न्या की.”

“मला आत घेत नाहीत.”

“अगंबाई! एवढा गोड स्वभाव, आणि घेत नाहीत?”

त्यानं दात-ओठ खाल्ले. आमचं गाव म्हणजे सगळा डोंगर. प्रातलुंगमध्ये अंडं खाली ठेवलं तर ते नदीत जाऊन थांबतं. घरंसुद्धा एका बाजूला दगड लावून उभी. सपाट म्हणावी अशी जागा तीनच, चर्च, सभागृह आणि गेलिंदोची खालची खोली. रुंद दाराची ती खोली त्यानं गिऱ्हाइकांना नमुना दाखवायला केली होती. स्वतः ओतली, स्वतः घोटली. मी तिथं धुणं धुवायचे.

“नाही म्हटलं तर?” मी विचारलं.

“तर अंगणात लावीन. कशीही लागली तरी पोरगी रविवारी जाणारच. तुम्ही सांगून बघा तिला.”

सांगून पाहिलं होतं. उपयोग झाला नव्हता. मी किल्ली काढली. तेवढ्यात त्याच्या काखेत लांब पिवळी पट्टी दिसली.

“ते काय?”

“पाणसळ. आधी फरशी सपाट आहे का तपासून घेतो.”

“गेलिंदोच्या फरशीला पाणसळ लावणार? जावईबापू, एक तर ती दाराबाहेर ठेवा, नाहीतर गाडी दाराबाहेर ठेवा.”

वाद घालेल असं वाटलं होतं. त्यानं ती मुकाट्यानं भिंतीला टेकवली. आमच्या खोऱ्यात कारागिराच्या फरशीवर पाणसळ ठेवणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं, आणि हे एर्मेसलाही ठाऊक होतं.

गाडी ढकलत आत आली. अवजारांची पेटी त्यानं कोपऱ्यात नेऊन टाकली. मग पुढचं सांगितलं.

“आता तुम्ही आत बसायचं.”

“कुठं?”

“ड्रायव्हरच्या जागी. गाडीत चालवणाऱ्याचं वजन असल्याशिवाय मापं खरी येत नाहीत. इलेनिया कामावर आहे, आणि उद्या सकाळीच गाडीची तपासणी. तुमचं नि तिचं वजन एकच.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“औषधाच्या दुकानातल्या काट्यावर तुम्ही दर महिन्याला चढता. अख्ख्या गावाला माहीत आहे.”

“पोतं ठेवा पिठाचं.”

“पोतं कलंडतं. तुम्ही कलंडत नाही. आजवर कुणाला जमलं नाही कलंडवायला.”

शर्यतीच्या गाडीत दारातून बसता येत नाही. आडव्या लोखंडी नळ्या असतात. शहात्तराव्या वर्षी मी स्कर्ट सावरत त्या नळ्यांवरून पाय टाकला. त्यानं हात पुढे केला नाही, मीही मागितला नाही. त्या खोल, अरुंद खुर्चीत मी रुतून बसले. त्यानं पट्टे आवळले आणि पोरीचं हेल्मेट माझ्या मांडीवर ठेवलं. तेव्हा कळलं, आता हा मला काढेपर्यंत माझी सुटका नाही.

“हलू नका. शिंकूसुद्धा नका.”

“ननांनी आम्हाला ताठ बसायला शिकवलंय. तुमच्यासारखे रांगत नाही आम्ही.”

तो खरंच रांगत होता. आधी त्यानं चाकांतली हवा पाहिली. मग गाडीच्या दोन्ही बाजूंना पुढून मागे दोऱ्या ताणून बांधल्या आणि त्या दोऱ्यांपासून चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर पट्टीनं मोजत गेला. चाक आत झुकलंय की बाहेर, ते ओळंबा सोडून पाहिलं. प्रत्येक चाकापाशी फरशीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची मोजायची, आणि कमी-जास्त असली तर स्प्रिंगखालची कडी पान्यानं फिरवायची. एक फिरवली की बाकीच्या तिन्हीकडे फरक पडायचा. मग शिव्या, मग गाडी पुढेमागे ढकलून पुन्हा मोजणी. ढकलताना मी आत बाहुलीसारखी.

“दोरीला धक्का लागला. तुमच्या पोटाचा,” मी म्हणाले.

“मागायच्या आधी सल्ला देऊ नका.”

“तेव्हा मागितला असता तर माझी मुलगी तुम्हाला दिली नसती.”

“तिनं माझ्याशी लग्न केलं, त्याआधी तुम्हाला विचारलं होतं?”

असं ऊन डोक्यावर येईपर्यंत चाललं. शेवटी तो उजव्या पुढच्या चाकाशी बसला. तिथली उंची काही केल्या जुळेना. दर वेळी जास्त भरायची. तो तिथली कडी खाली, आणखी खाली घेत गेला. अखेर जुळली. घाम पुसत तो म्हणाला, “झालं. एक सांगतो सासूबाई. तुमचा नवरा मला माणूस म्हणून दीडदमडीचाही वाटला नाही. पण फरशी घालावी तर त्यानंच. इथं काही जुळलं नाही तर मी गाडीवर संशय घेतो, फरशीवर नाही. जमीन वाकडी असती तर आजचं सगळं खोटं पडलं असतं.”

एवढ्या वर्षांत माझ्या घराण्याबद्दल त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द. आणि तो ऐकताना माझी नजर कोपऱ्यातल्या त्याच्या पेटीवर गेली.

ती फरशी सपाट नव्हती. उजवीकडच्या कोपऱ्यात मोरी आहे आणि तिच्या जाळीवर त्यानं अवजारांची पेटी टाकली होती. गेलिंदोनं त्या कोपऱ्याला उतार दिला होता. डोळ्यांना दिसणार नाही इतका, पण धुण्याचं पाणी माझ्या पायाशी कधी साचलं नाही. हे घरच्यांनाच माहीत होतं. सकाळी पाणसळ बाहेर ठेवायला लावताना माझ्या डोक्यात फक्त नवऱ्याचं नाव होतं. तो कोपरा आठवलाच नाही.

सांगितलं तर हा माणूस आज संध्याकाळी दारूच्या गुत्त्यात बसून सांगणार की गेलिंदोची फरशी वाकडी. आणि गाव ऐकणार, कारण गावाला दुसऱ्याचं वाकडं ऐकायला आवडतं. नाही सांगितलं तर पोरगी रविवारी याच खुर्चीत बसणार.

“पाणी द्या,” मी म्हणाले.

“थोडं थांबा.”

“सकाळपासून बसवलंय. पाणी द्या.”

धुसफुसत त्यानं पेला भरून आणला, माझ्या हातात दिला आणि परत उजव्या चाकाशी जाऊन बसला. मी एक घोट घेतला. मग हात खिडकीबाहेर काढून उरलेलं पाणी फरशीवर ओतलं.

“डोकं फिरलं का तुमचं!” तो ओरडला.

पाणी क्षणभर थांबलं. मग त्यातून एक बारीक धार निघाली, गाडीखालून तिरकी गेली, पलीकडे त्याच्या गुडघ्याला लागली आणि पेटीखाली शिरली. त्यानं ओल्या गुडघ्याकडे पाहिलं. पेटी सरकवली. जाळी पाहिली. मग बाहेर जाऊन पाणसळ आणली आणि माझ्यादेखत गेलिंदोच्या फरशीवर ठेवली. मी अडवलं नाही.

“म्हातारे,” तो हळूच म्हणाला, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं. “सगळी सकाळ तुम्ही बघत बसलात.”

“आता सांगितलं ना.”

“हे चाक खोलात आहे. म्हणून मी ही बाजू उतरवत गेलो. सपाट रस्त्यावर गाडी लंगड्या टेबलासारखी उभी राहिली असती. ब्रेक दाबला की डावीकडे.”

“डावीकडे भिंत आहे.”

“भिंत कुठं आहे ते मला माहीत आहे!” त्यानं पाना भिंतीवर फेकला. तिथला पोपडा अजून पडलेला आहे. “आणि म्हाताऱ्याची फरशीसुद्धा शेवटी वाकडीच निघाली. वा!”

“वाकडी नाही, उतार आहे तो. सपाट करायला नुसता हात लागतो. उतार द्यायला दुसऱ्या माणसाचा विचार करावा लागतो. तुम्हाला नाही कळायचं.”

त्याला खरंच कळलं नाही, किंवा ऐकूच गेलं नाही. तो चाकाखाली घालायला काहीतरी पातळ शोधत होता. मी खुर्चीतूनच सांगितलं, वर स्वयंपाकघरात सिंकखाली लिनोलियम आहे. त्यानं ते ओरबाडून आणलं, चाकाएवढे तुकडे कापले आणि पाणसळीतला बुडबुडा मध्ये येईपर्यंत एकावर एक रचले. मग सगळं पहिल्यापासून. दोऱ्या, ओळंबा, उंची. पट्टे सोडल्यावर माझे पाय बधिर झाले होते. नळ्यांवरून मी एकटीच बाहेर आले.

रविवारी इलेनिया कारंज्याच्या वळणावर आली, ब्रेक दाबला आणि दोरीत धरल्यासारखी सरळ रेषेत मंदावत, वळून वर निघून गेली. नंबर कुठला तरी मधलाच आला. भिंतीपाशी ती मला हात करायलाही विसरली. एर्मेसनं आभार मानले नाहीत, त्या दिवशी नाहीत आणि मरेपर्यंतही नाहीत. पुढच्या वर्षी त्यानं गिरणीच्या मागे काँक्रीटचे चार चौथरे बांधले. माझ्या दारात पुन्हा आला नाही. त्याच्या शवपेटीवर मी फुलं ठेवली ती इलेनियासाठी.

पण त्या शुक्रवारचं राहिलं. गाडी गेली, मी फरशी पुसली, आणि अंधार पडायच्या आत शेजारची दिर्चे दारात आली. दिर्चेचा नवरा गुत्त्यातून नुकताच परतला होता.

“अगं, खरं का गं? एर्मेस सांगत सुटलाय, गेलिंदोची फरशी म्हणे...”

“खरं आहे,” मी म्हणाले. “अंड्यांचे पैसे उद्या देते.”

ती गेल्यावर वही उघडली. वर दिलेल्या नोंदीखाली आणखी एक ओळ आहे: सिंकखालचं लिनोलियम गेलं, नवं आणायचं, तोवर बादलीखाली गोणपाट घातलं आहे.