विमानाला विकास, लूमला भीक

मंडळी, आज विमानाने बहिणीकडे आलो. शेजारच्या सीटवरच्या साहेबांनी गाव विचारलं. म्हटलं, "भिवंडी. घरचे पॉवरलूम होते, कापड विणायचे."

"म्हणजे सबसिडीच्या विजेवर जगणारे! आमच्या टॅक्सवर किती दिवस पोसायचं तुम्हाला?"

डोकंच फिरलं. टॅक्स काय ते एकटेच भरतात? विमानतळाच्या सुरक्षेचे पैसे त्यांच्याइतकेच मीही तिकिटात भरले होते, वर पट्टा काढून झडती दिली होती.

म्हटलं, "साहेब, छोट्या शहराला जाणाऱ्या या विमानाचा तोटा सरकारच भरतं. आत्ता आपण दोघंबी सबसिडीवरच बसलोय."

"ते वेगळं. हा विकास आहे," म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

आमचे लूम दिवाळीआधीच भंगारात गेले, किलोच्या भावाने. मला एवढंच सांगा, लूमला दिली ती भीक आणि विमानाला दिला तो विकास, हे ठरवलं कोणी?